'कोकेनमुळे मेंदूच्या तारा कायमच्या तुटतात': हे फलकावर छापायचं का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. 26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनासाठी गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात पालकांसाठी माहितीफलक लागणार आहेत. त्यातल्या एकावर मेंदूची दोन चित्रं शेजारी शेजारी आहेत. डावं निळसर, उजवं लालभडक. खाली ठळक ओळ: 'कोकेनमुळे मेंदूच्या तारा कायमच्या तुटतात.'

मजकूर बरोबर आहे का, हे जाणकारांकडून हवंय. 'मेंदूच्या भागांमधली कनेक्टिव्हिटी कमी होते' असं लेखांत वाचायला मिळतं, पण म्हणजे नेमकं काय मोजतात? 'कायमच्या' या शब्दाची जास्त काळजी वाटते. तो वाचला की घरचे लोक हातपाय गाळतात, उपचारच थांबवतात. आणखी एक, नाशकात बातम्या येतात त्या एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या वेगळ्या अमली पदार्थाच्या. 2023 मध्ये शिंदे गावात कारखाना सापडला तोही एमडीचाच. कोकेनवरचं संशोधन एमडीला लावून चालेल का? फाईल छापखान्यात जायला चार दिवस आहेत.

रेझोनन्स:
'तार' हा शब्द आधी काढा. बहुतेक अभ्यासांत जे मोजलेलं असतं त्यात तार दिसतच नाही.

मोजणी अशी होते. माणसाला 3 टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआय मशीनमध्ये उताणं झोपवतात. डोक्याभोवती कॉइल, कानांत बोळे, गालांशी फोमचे तुकडे. आरशातून समोर अधिकचं एक चिन्ह दिसतं. डोळे उघडे ठेवून 10 मिनिटं त्याकडे बघत पडायचं, काही करायचं नाही, फक्त झोप लागू द्यायची नाही. सुई नाही, डाय नाही. दर 2 सेकंदांनी सगळ्या मेंदूची एक प्रतिमा, म्हणजे 300 प्रतिमा. प्रत्येक प्रतिमा साधारण 3 मिलिमीटरच्या ठोकळ्यांची बनलेली असते. त्या ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात.

प्रत्येक व्हॉक्सेलचा आकडा दर प्रतिमेत किंचित वरखाली होतो. हा आकडा विजेचा नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा आहे. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी हा संकेत दाखवला. एखाद्या भागातल्या पेशी कामाला लागल्या की 5–6 सेकंदांनी तिथे रक्ताचा लोंढा पोचतो, त्यामुळे चढउतार संथ असतात. 1995 मध्ये भरत बिस्वाल यांनी दाखवलं की हात अजिबात हलत नसतानाही हाताचं नियंत्रण करणारे डावे आणि उजवे भाग एकाच लयीत चढतात-उतरतात, आणि ही लय सेकंदाला 0.1 आवर्तनापेक्षाही मंद असते. दोन भागांच्या चढउतारांचा सहसंबंध काढला, तो झाला त्या जोडीचा आकडा. यालाच फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणतात. फलकासाठी मी 'मेळ' हा शब्द सुचवेन.

नाशिककरांना समजेल असं सांगतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी किती चढलं आणि नांदूरमध्यमेश्वरला किती चढलं, हे पावसाळाभर दर तासाला लिहून काढलं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आधी मारुती बुडायला लागतो, काही तासांनी खाली नांदूरमध्यमेश्वर चढतं. दोन्ही आकड्यांचा मेळ छान दिसतो. आता समजा एका आठवड्यात गंगापूरचे दरवाजे बंद आहेत आणि मारुतीच्या खाली गोदावरीला मिळणाऱ्या दारणेतून पाणी सोडलं. नांदूरमध्यमेश्वर चढेल, मारुतीच्या पायाला पाणीही लागणार नाही. मेळ घसरला. गोदावरीचं पात्र मात्र कुठेही तुटलेलं नाही, जागच्या जागी आहे. कोणत्या धरणाचा जोर चालतोय ते बदललं. 'कनेक्टिव्हिटी कमी' या दोन शब्दांत एवढंच आहे.

पात्र म्हणजे खरे तंतू बघायचे तर डिफ्युजन एमआरआय करतात. त्यात पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती सरळ सरकतात ते 0 ते 1 अशा एका आकड्यात येतं. 2005 मध्ये कोकेन घेणाऱ्यांत मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या भागात हा आकडा सरासरीने कमी आढळला. म्हणजे तंतूंतही फरक असतो. पण तोही सरासरीतला फरक आहे. तुटलेली केबल असा त्याचा अर्थ होत नाही.

गोदाकाठ:
मारुतीचं उदाहरण फलकावर घेतो, लोकांना लगेच कळेल. मग लाल चित्राचं काय? लाल म्हणजे तापलेला मेंदू असं सगळ्यांना वाटतं.

आकडेमोड:
चित्रातला लाल रंग कोणत्याही एका माणसाच्या मेंदूत नसतो. दोन गटांतल्या सरासरीचा फरक किती खात्रीचा आहे, त्या आकड्याला दिलेला तो रंग आहे. एका ठरावीक रेषेच्या वरचंच रंगवतात, खालचं सगळं कोरं सोडतात. रेषा थोडी खाली आणली तर तेच चित्र दुप्पट रंगीत दिसेल. म्हणून 'निरोगी मेंदू' आणि 'व्यसनी मेंदू' अशी दोन चित्रं शेजारी लावणं मुळातच चुकीचं आहे. गटांचे आकडे एकमेकांवर भरपूर चढलेले असतात. फक्त स्कॅन हातात देऊन 'हा कोकेन घेतो का' असं विचारलं तर खात्रीचं उत्तर देता येत नाही. साध्या एमआरआयचा रिपोर्ट तर बहुतेकदा 'नॉर्मल' येतो, आणि मुलगा तो घरी दाखवून 'बघा, मला काही झालेलं नाही' म्हणू शकतो. म्हणून 'एमआरआय नॉर्मल आला म्हणजे व्यसन नाही असं नाही' हे फलकावर नक्की घ्या.

मज्जापेशी:
आता मेळ कुणाकुणाचा बिघडतो ते लिहितो. आधी कोकेन काय करतं ते बघू, नाहीतर पुढचं समजणार नाही.

चेतापेशीने डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडलं की ते परत ओढून घेणारे पंप पेशीच्या आवरणावर असतात. कोकेन त्या पंपात अडकून बसतं. डोपामिन बाहेरच साचतं. नोरा व्होल्को यांच्या गटाने 1997 मध्ये पेट स्कॅनवर (किरणोत्सारी खुणेवरून मोजणारं स्कॅन) दाखवलं की किमान 47 टक्के पंप अडले तरच माणसाला नशा चढल्याचं जाणवतं. किती पंप अडले याइतकंच किती झटकन अडले हेही महत्त्वाचं असतं. धूर करून ओढलेलं कोकेन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, नाकातून घेतलेल्याला काही मिनिटं लागतात. म्हणून ओढण्याच्या प्रकाराची पकड लवकर बसते.

डोपामिनचा उगम मध्यमेंदूतल्या व्हीटीए नावाच्या चिमुकल्या भागात. तिथून ते न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्सला जातं, जिथे 'हे चांगलं, पुन्हा कर' असा शेरा बसतो. कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागातून याच अ‍ॅक्युम्बेन्सला 'थांब, आधी विचार कर' हा निरोप येतो. अ‍ॅमिग्डाला भावनेचा रंग चढवतो, हिप्पोकॅम्पस जागा आणि माणसं लक्षात ठेवतो, इन्सुला छातीतली धडधड आणि पोटातला गोळा जाणवून देतो.

2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या गटाने याच साखळीचा मेळ मोजला. व्हीटीए आणि अ‍ॅक्युम्बेन्स-थॅलॅमसच्या (निरोप पुढे वाटणारा मधला भाग) पट्ट्यातला मेळ कोकेन घेणाऱ्यांत कमी होता, आणि जितकी जास्त वर्षं कोकेन घेतलं तितका तो आणखी कमी. अ‍ॅमिग्डाला आणि प्रीफ्रंटलच्या मधल्या भागाचा मेळही कमी, हिप्पोकॅम्पस आणि प्रीफ्रंटलचाही. 2011 मध्ये दुसऱ्या एका गटाला डाव्या-उजव्या अर्धगोलांतला मेळ कमी सापडला, मुख्यतः लक्ष देणाऱ्या जाळ्यांमध्ये. रेझोनन्स यांनी सांगितलेल्या कॉर्पस कॅलोसमशी हे जुळतं.

पण सगळीकडे 'कमी' असं समजू नका. सवय आणि सरावाच्या हालचाली सांभाळणारा जो वरचा भाग आहे, डॉर्सल स्ट्रायटम, त्याचा खालच्या भागाशी, म्हणजे जिथे अ‍ॅक्युम्बेन्स आहे त्याच्याशी, मेळ कोकेनच्या व्यसनात वाढलेला दिसतो. 2013 च्या एका अभ्यासात ज्यांचा हा जादा मेळ कमी होता त्यांचं व्यसनही कमी तीव्र होतं. सुरुवातीला माणूस मजा येते म्हणून घेतो. पुढे मजा उरत नाही, हात आपोआप खिशाकडे जातो. मौजेच्या भागाकडून सवयीच्या भागाकडे कारभार सरकतो, तो या आकड्यांत उमटतो. म्हणून फलकावर 'मेळ कमी होतो' असं न लिहिता 'मेळ बिघडतो' लिहा. कुठे ढिला, कुठे नको तितका घट्ट.

आकडेमोड:
सहमत, पण 'मुळे' या प्रत्ययावर माझी हरकत आहे. हे जवळजवळ सगळे अभ्यास एकाच वेळचे आहेत. घेणाऱ्यांचा गट आणि न घेणाऱ्यांचा गट, दोघांची एकेकदा मोजणी. कोकेनमुळे मेळ बिघडला, की आधीपासून मेळ तसा होता म्हणून माणूस कोकेनकडे लवकर ओढला गेला, हे त्यातून सुटत नाही. वर्षांनुसार मेळ घटतो हे कोकेनच्या बाजूचं पारडं जड करतं, इतकंच.

केंब्रिजच्या गटाने 2012 मध्ये यावर फार सुरेख मांडणी केली. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात असलेली 50 माणसं, त्या प्रत्येकाचं व्यसन नसलेलं सख्खं भावंडं, आणि नात्यात नसलेले 50 निरोगी लोक. हातातली कृती ऐनवेळी थांबवण्याच्या चाचणीत व्यसनी माणूस आणि त्याचं निर्व्यसनी भावंडं दोघंही कमी पडले, आणि त्या थांबवण्याशी निगडित तंतूंमध्ये दोघांतही सारखाच फरक होता. एकाच घरातला एक मुलगा अडकला, दुसरा नाही, मेंदू मात्र पुष्कळसा सारखा. म्हणजे कल असला तरी व्यसन अटळ नसतं. ही गोष्ट पालकांना सांगायलाच हवी, कारण 'आमच्या संस्कारांत काय कमी पडलं' आणि 'धाकट्याचंही असंच होणार का' हे दोन्ही प्रश्न त्यांच्या डोक्यात असतात.

गोदाकाठ:
भावंडांचं फारच उपयोगी. 'मुळे' काढून 'कोकेनच्या व्यसनात' असं करतो.

म्हसरूळ_वाचक:
विद्यार्थ्यांच्या बाजूने एक प्रश्न. स्वतःचं स्कॅनर नसताना हे विश्लेषण करून बघता येईल का? कुठून सुरुवात करावी, आणि कुठे फसायला होतं?

आकडेमोड:
येईल. मेक्सिकोच्या एका गटाने सुडमेक्स कॉन नावाचा संच ओपनन्यूरो या स्कॅन खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मोफत ठेवला आहे. त्यात कोकेनचं व्यसन असलेले 74 आणि निरोगी 64 जण आहेत. नावगाव काढलेले स्कॅन आहेत, घरबसल्या उतरवता येतात. आधी चार-पाच जणांचेच घ्या, सगळा संच एकदम ओढू नका, हार्डडिस्क भरेल.

पहिली पायरी एफएमआरआयप्रेप, म्हणजे कच्चे स्कॅन विश्लेषणासाठी तयार करून देणारी संगणक प्रणाली. एका माणसाला साध्या संगणकावर काही तास लागतात, रॅम 16 जीबी तरी हवी. ते झालं की निकालाकडे न बघता आधी डोकं किती हललं ते बघा. दोन प्रतिमांमध्ये डोकं 0.5 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलं असेल ती प्रतिमा बाद. कडक लोक 0.2 ठेवतात. बाद करून 5 मिनिटांपेक्षा कमी माल उरला तर तो माणूसच सोडून द्या. हे इतकं ताणून का सांगतोय? 2012 मध्ये दाखवून झालंय की अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीनेही जवळच्या भागांचा मेळ खोटा वाढतो आणि लांबच्या भागांचा खोटा घटतो. कोकेन सोडून काही दिवस झालेला माणूस अस्वस्थ असतो, मशीनमध्ये जास्त चुळबुळ करतो. मग 'लांबच्या भागांचा मेळ कमी' हा तुमचा शोध म्हणजे निव्वळ चुळबुळ असू शकते. म्हणून दोन्ही गटांच्या सरासरी हालचालीचा तक्ता लेखात पहिल्या पानावर द्या.

मग हालचालीचे आकडे, पांढऱ्या द्रव्याचा (तंतूंच्या भागाचा) संकेत आणि मेंदूतल्या द्रवाचा संकेत वजा करायचे, आणि 0.01 ते 0.1 हर्ट्झ एवढीच पट्टी ठेवायची. वजाबाकी आणि फिल्टर एकाच पायरीत करा. आधी फिल्टर आणि नंतर वजाबाकी केली तर काढलेला गोंगाट मागच्या दाराने परत येतो. 0.01 हर्ट्झची एक लाट 100 सेकंदांची असते, म्हणजे 10 मिनिटांत अशा फक्त 6 लाटा मिळतात. म्हणूनच 10 मिनिटांहून छोट्या स्कॅनवर माझा भरवसा बसत नाही.

भाग पाडायला शेफरचा 100 तुकड्यांचा नकाशा सोयीचा आहे, पण त्यात फक्त कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर आहे. अ‍ॅक्युम्बेन्स, पुटामेन, अ‍ॅमिग्डाला नाहीतच! कोकेनच्या अभ्यासात तेच नसले तर काय उरलं? खोल भागांसाठी तियानचा 16 तुकड्यांचा नकाशा जोडा. झाले 116 भाग. त्यांच्या जोड्या 6670. प्रत्येक जोडीला 5 टक्क्यांची कसोटी लावलीत तर काहीही फरक नसताना 333 जोड्या 'सापडतील'. इतक्या कसोट्या एकदम लावल्याची दुरुस्ती केल्याशिवाय एकही रंगीत चित्र कुणाला दाखवू नका. सहसंबंधांची सरासरी काढण्याआधी फिशरचं रूपांतर करा, म्हणजे सहसंबंध सरासरीला योग्य अशा मोजपट्टीवर आणा. 0.42 चं 0.448 होतं, 0.8 चं 1.099.

रेझोनन्स:
यात दोन गोष्टी जोडतो. व्हीटीए इतका लहान आहे की 3 मिलिमीटरच्या जाळीत त्याच्या वाट्याला मोजके व्हॉक्सेल येतात, शेजारून मोठी रक्तवाहिनी ठोके देत असते. त्यावर 6 मिलिमीटरचं स्मूदिंग (शेजारच्या व्हॉक्सेलशी सरासरी) केलंत तर शेजाऱ्यांचा संकेत त्यात मिसळून जातो. दुसरं म्हणजे डोळ्यांच्या वरचा ऑर्बिटोफ्रंटल भाग. खाली सायनसची हवा असल्याने तिथला संकेत गळतो. प्रतिमेत तिथे काळं भोक दिसतं, आणि त्या भोकातून काढलेला मेळ 'कमी' येणारच. कच्ची प्रतिमा डोळ्यांनी बघण्याची सवय लावा.

मज्जापेशी:
डॉक्टरांच्या बाजूने सर्वांत मोठा अडथळा रक्तवाहिन्यांचा. मोजतोय रक्तातला ऑक्सिजन, आणि कोकेन स्वतःच रक्तवाहिन्या आवळतं. रक्ताची प्रतिक्रिया मंदावली तर पेशी ठीक असूनही मेळ बिघडलेला दिसेल. त्यात बहुतेक जण सिगारेट ओढतात, अनेक जण दारूही घेतात. कोकेन आणि दारू एकत्र झाली की यकृतात कोकाएथिलीन बनतं, ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त जाचतं. त्यामुळे तुलनेचा गट निवडताना सिगारेट ओढणारे पण कोकेन न घेणारे लोक हवेत. शिवाय शेवटचा डोस कधी घेतला हे नोंदवा. कोकेन रक्तातून साधारण तासाभरात निम्मं होतं, त्याचा उरलेला अंश लघवीत 2 ते 4 दिवस सापडतो. काल घेतलेला आणि महिनाभर बंद असलेला, दोघांना एका गटात टाकलं तर सरासरीला काही अर्थ राहत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत एकाच जोडीचा मेळ कुठे कमी तर कुठे जास्त येतो, त्याचं एक कारण हेच.

गोदाकाठ:
आता 'कायमच्या' बद्दल. घरच्यांना काय सांगायचं?

मज्जापेशी:
'कायमच्या' म्हणायला आधार नाही. वर ज्या 2013 च्या अभ्यासाचा उल्लेख केला त्यात मिथाइलफेनिडेट या औषधाचा 20 मिलिग्रॅमचा एकच डोस दिल्यावर तो जादा घट्ट मेळ सैल झाला. एका गोळीने हलणारी गोष्ट दगडावरची रेघ नसते. हे उपचार म्हणून वाचू नका. ते स्वतः उत्तेजक आहे, आणि कोकेनच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजूर केलेलं एकही औषध आजतागायत नाही.

पण 'लगेच बरं होतं' असंही लिहू नका, कारण वाईट काळ भलत्याच ठिकाणी येतो. 2016 मध्ये कोकेनचं व्यसन असलेल्या 76 जणांना कोकेनशी निगडित चित्रं दाखवून डोक्यावरून मेंदूच्या लहरी मोजल्या. काही जणांनी दोनच दिवसांपूर्वी सोडलं होतं, काहींना महिना, सहा महिने, वर्ष झालं होतं. तोंडाने विचारलं तर ओढ दिवसागणिक कमी होत गेलेली. मेंदूचा प्रतिसाद मात्र आधी वाढत गेला, 1 ते 6 महिन्यांच्या टप्प्यात सर्वांत तीव्र राहिला आणि वर्षाच्या आसपास उतरला. म्हणजे मुलगा तिसऱ्या महिन्यात 'आता मला आठवणही येत नाही' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण जुना मित्र समोर आला, ती खोली दिसली, कार्डाने पूड सारखी केल्यासारखा आवाज झाला की आतून उसळतं. घरचे नेमके त्याच वेळी निर्धास्त होतात, पैसे आणि गाडीची किल्ली परत देतात, समुपदेशन बंद करतात. फलकावर एकच आकडा द्यायचा असेल तर हा द्या: पहिले सहा महिने देखरेख ढिली करू नका.

उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा बक्षीस पद्धतीचा आहे. आठवड्यातून 2–3 वेळा लघवीची तपासणी, निर्मळ आली की तिथल्या तिथे ठरलेलं कूपन. सलग निर्मळ तपासण्यांनुसार कूपनाची किंमत वाढत जाते, एक चुकली की परत पहिल्या पायरीवर. तपासणी 2–3 वेळा यासाठी की अंश 2 ते 4 दिवसच दिसतो, आठवड्यातून एकदाच केली तर मधला डोस निसटतो. बक्षीस महिनाअखेर दिलं तर पद्धत फसते. व्यसनात अडकलेल्याला आत्ताचं छोटं बक्षीस समजतं, महिन्यानंतरचं मोठं समजत नाही. सोबत ओढीचे प्रसंग ओळखून ते टाळायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धत हवीच.

चुंबकीय लहरींनी प्रीफ्रंटलला चालना देणाऱ्या टीएमएसबद्दलही लोक विचारतात. मेळ सुधारावा हाच त्यामागचा विचार आहे, पण ते संशोधनाच्या पायरीवर आहे. कोकेनने फिट येण्याचा धोका वाढतो, त्यामुळे नुकतंच घेतलेल्या माणसाला टीएमएस देणं धोक्याचं. कुणी 'ब्रेन मॅपिंग करून व्यसनाची टक्केवारी सांगतो' म्हणत असेल तर वर आकडेमोड यांनी लिहिलेलं वाचा आणि पैसे वाचवा. आणि कोकेन घेतल्यावर छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा फिट आली तर थेट 108.

त्र्यंबकनाका:
कायद्याची एक ओळही हवी, कारण लोक पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात येत नाहीत. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा 1985, कलम 64अ. सेवनाचा, म्हणजे कलम 27 चा, किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. कोकेनसाठी अल्प प्रमाण 2 ग्रॅमपर्यंत. उपचार पूर्ण केले नाहीत तर संरक्षण काढून घेता येतं. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416.

मज्जापेशी:
राहिला एमडीचा प्रश्न. एमडी म्हणजे मेफेड्रोन. तेही डोपामिन वाढवतं, पण वाट वेगळी. कोकेन पंप अडवून बसतं. एमडी पंपातून आत शिरतं आणि पंप उलटा फिरवून साठवलेलं डोपामिन बाहेर काढतं, सोबत सेरोटोनिनही मोठ्या प्रमाणात. म्हणून कोकेनच्या मेळाचे आकडे एमडीच्या नावाखाली छापू नका. ओढीचे प्रसंग, देखरेख, बक्षीस पद्धत हे सल्ले मात्र दोन्हीकडे सांगण्यासारखे आहेत. घरी तपासणी करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: लघवीत कोकेन शोधणाऱ्या पट्टीवर एमडी दिसत नाही. पट्टी निर्मळ आली म्हणून एमडी नाही असं समजू नये. फलकाचं शीर्षक सरळ 'कोकेन' ठेवा आणि एमडीचा वेगळा फलक करा.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. नवा मजकूर असा केलाय:

'कोकेनच्या व्यसनात मेंदूच्या भागांमधला मेळ बिघडतो. थांबवणाऱ्या भागाचा भावना आणि आठवणींच्या भागांशी मेळ ढिला पडतो, मौज आणि सवय यांचा मेळ जास्त घट्ट होतो. धरणाचं पाणी बदललं म्हणून नदीचं पात्र तुटत नाही. ओढ मेंदूत 1 ते 6 महिन्यांच्या काळात सर्वांत तीव्र असू शकते, माणसाला ती जाणवत नसली तरी. या काळात उपचार आणि सोबत सोडू नका. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे व्यसन नाही असं नाही. 14446.'

लाल-निळी चित्रं काढली. त्याऐवजी मेंदूची एकच रेघांची आकृती, त्यात पाच भागांची नावं आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ढिला मेळ तुटक रेषेने, घट्ट मेळ जाड रेषेने. आकृती वर जोडली आहे.

आकडेमोड:
आकृतीखाली 'अनेक व्यक्तींची सरासरी, एका व्यक्तीचं निदान नव्हे' एवढं लहान अक्षरांत घाला.

रेझोनन्स:
तुटक रेषा बघून लोक परत 'तार तुटली' म्हणतील. ढिल्या मेळासाठी बारीक पण सलग रेषा घ्या. आणि अ‍ॅमिग्डालाकडून प्रीफ्रंटलकडे जाणाऱ्या रेषेला बाणाचं टोक आहे, ते काढा. कुणी कुणाला चढवलं हे सहसंबंधातून कळत नाही, त्याला दिशा नसते.

गोदाकाठ:
दोन्ही दुरुस्त्या केल्या, बाण काढला. फाईल आज संध्याकाळी छापायला जाईल.